परजीवीचे मर्मस्थान

प्रस्तावना

हिवतापाचा रोगी प्रथम थंडीने कुडकुडतो, मग तापाने फणफणतो आणि शेवटी घामाने निथळून जातो. काही तास बरे वाटते. पुष्कळ वेळा एक दिवस मध्ये जातो आणि पुन्हा तीच थंडी भरते. २०२३ साली जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि त्यांपैकी सुमारे ५ लाख ९७ हजार लोक दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मृतांमध्ये सर्वाधिक संख्या आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुलांची होती.

या रोगावर औषधे आहेत, पण परजीवी त्यांना सरावतो. म्हणून नवी औषधे सतत शोधावी लागतात. पूर्वी हा शोध अनुभवाच्या आणि योगायोगाच्या बळावर चाले. गेल्या पंचवीस वर्षांत त्याला एक नवी दिशा मिळाली आहे: परजीवीचा जनुकसंच वाचायचा आणि त्याच्या शरीरात घाव नेमका कोठे घालावा, याचे भाकीत आधीच करायचे. प्रस्तुत पाठात या भाकिताची गोष्ट सांगितली आहे. हा पाठ अभ्यासल्यानंतर औषधाचे ‘लक्ष्य’ म्हणजे काय, ते निवडताना संगणकाचा उपयोग कसा होतो आणि निवडलेल्या लक्ष्याची परीक्षा का घ्यावी लागते, हे तुम्हाला उदाहरणांसह सांगता येईल.

मूळ पाठ

आधी औषध, मागाहून कारण

सिंकोना वृक्षाच्या सालीचा काढा हिवतापावर गुणकारी आहे, हे दक्षिण अमेरिकेतून युरोपला सतराव्या शतकात कळले. १८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे केले. त्या वेळी हिवताप कशामुळे होतो, हेही कोणाला ठाऊक नव्हते. परजीवी प्रथम दिसला तो १८८० साली, अल्जीरियात, लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना. तो डासाच्या शरीरात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले. म्हणजे रोगाचे कारण सापडण्यापूर्वी साठ वर्षे औषध शुद्ध स्वरूपात हाती होते. चीनमधील तू यूयू यांनी १९७२ साली एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन मिळवले. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचाही आधार जुन्या वैद्यकग्रंथांचा होता. परजीवीच्या पेशीत काय घडते, याचा विचार नंतर झाला.

योगायोगाने मिळालेल्या औषधात वाईट काहीच नाही. क्विनीन आणि आर्टेमिसिनिन यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र योगायोग मागून मिळत नाही. क्लोरोक्वीन हे स्वस्त आणि सुरक्षित औषध १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर निष्प्रभ होऊ लागले आणि पुढे ते बहुतेक जगात निरुपयोगी ठरले. आर्टेमिसिनिनला सरावलेले परजीवी २००८ च्या सुमारास कंबोडियात आढळले. त्यानंतर ते पूर्व आफ्रिकेतही आढळले आहेत. पुढचे औषध हाती येईपर्यंत रोग थांबून राहत नाही.

लक्ष्य म्हणजे काय?

पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. ज्या प्रथिनांमुळे रासायनिक क्रिया वेगाने घडतात, त्यांना विकर म्हणतात. विकराच्या अंगावर एक खोबण असते. तीत नेमका पदार्थ बसतो, त्याचे रूपांतर होते आणि नवा पदार्थ बाहेर पडतो. या खोबणीत चपखल बसणारा पण रूपांतर न होणारा एखादा रेणू अडकवला, तर ते काम बंद पडते. कुलपात दुसरीच किल्ली घालून मोडून ठेवल्यासारखे हे आहे. ज्या प्रथिनात औषध असे अडकते, ते त्या औषधाचे लक्ष्य.

दुर्योधनाचे सारे शरीर वज्रासारखे होते आणि मांडी तेवढी कच्ची राहिली होती, अशी कथा प्रचलित आहे. भीमाला ती जागा खुणेने दाखवणारा कोणी होता. परजीवीच्या बाबतीत अशी खूण करणारा कोणी नाही. शिवाय अडचण अशी की, हा शत्रू पुष्कळ अंशी आपल्यासारखाच आहे. जीवाणूची पेशी मानवी पेशीहून फार वेगळी असते, म्हणून पेनिसिलिन जीवाणूंची पेशीभित्ती मोडते आणि माणसाला इजा करत नाही. माणसाच्या पेशींना ती भित्तीच नसते. हिवतापाच्या परजीवीला मात्र आपल्या पेशीप्रमाणेच केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, आणि त्याची कित्येक प्रथिने आपल्या प्रथिनांची दूरची भावंडे आहेत. परजीवीला मारणारे विष रोग्यालाही मारू शकते. तेव्हा वार असा हवा की, तो परजीवीच्या मर्मावर बसेल आणि रोग्याच्या अंगाला लागणार नाही.

परजीवीची तीन घरे

पुढील भाग समजण्यासाठी परजीवीचे जीवनचक्र थोडक्यात लक्षात घ्यावे. ॲनोफिलीस जातीची मादी चावली की परजीवी प्रथम रोग्याच्या यकृतात शिरतो. तेथे तो सुमारे आठवडाभर गुपचूप वाढतो आणि एका परजीवीपासून हजारो परजीवी तयार होतात. या काळात रोग्याला काहीही जाणवत नाही. नंतर ते रक्तात उतरतात आणि तांबड्या रक्तपेशींत घुसून आतील हिमोग्लोबिन खातात. सर्वाधिक घातक अशा ‘प्लास्मोडियम फाल्सिपेरम’ या जातीत दर ४८ तासांनी रक्तपेशी फुटतात आणि नवे परजीवी पुढच्या पेशींवर हल्ला करतात. थंडी-ताप येतो तो याच वेळी. काही परजीवी नर-मादी रूपे घेतात आणि डासाने रक्त शोषले की त्याच्या पोटात जाऊन चक्र पुरे करतात. यकृत, रक्त आणि डास या तीन घरांत परजीवीचे अन्न वेगळे, कामे वेगळी आणि गरजाही वेगळ्या. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढे तिनेच अनेक हिशेब चुकवले.

पाठगत प्रश्न १
(अ) परजीवीवरील औषध शोधणे जीवाणूवरील औषधापेक्षा कठीण का असते?
(आ) रोग्याला ताप येतो तेव्हा परजीवी कोठे असतो?

पाच हजार तीनशे जनुके

ऑक्टोबर २००२ मध्ये फाल्सिपेरम परजीवीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रे, त्यांवर सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरांचा मजकूर आणि त्यात सुमारे ५,३०० जनुके. प्रत्येक जनुकात एका प्रथिनाची कृती लिहिलेली असते. म्हणजे परजीवीच्या घरातील सर्व भांड्याकुंड्यांची यादीच हाती आली. मात्र यादीतील जवळजवळ ६० टक्के प्रथिनांसमोर काम लिहिता आले नाही, कारण त्यांच्याशी पुरेसे मिळतेजुळते प्रथिन तोवर अभ्यासलेल्या कोणत्याही सजीवात सापडले नाही.

उरलेल्या प्रथिनांचे काम कसे ओळखले? येथे संगणकाची गरज पडली. नव्या जनुकातील अक्षरांची रांग जुन्या, परिचित जनुकांच्या रांगांशेजारी ठेवून संगणक साम्य मोजतो. एखाद्या जीवाणूतील विकराचे काम प्रयोगाने सिद्ध झाले असेल आणि परजीवीतील एखादे प्रथिन त्याच्याशी पुष्कळ जुळत असेल, तर तेही तेच काम करत असावे, असा तर्क केला जातो. चेहऱ्यावरून कूळ ओळखण्याचाच हा प्रकार आहे आणि बहुतेक वेळा ओळख बरोबर निघते.

यानंतर चाळणी सुरू होते. माणसात नसलेली किंवा बरीच वेगळी असलेली प्रथिने कोणती? परजीवीला ज्यावाचून जगता येत नाही, अशी कोणती? रोगी आजारी असताना ती तयार होतात का? औषधाचा छोटा रेणू बसेल, अशी खोबण त्यांच्यावर आहे का? प्रयोगशाळेत ती वेगळी काढून तपासता येतील का? जागतिक आरोग्य संघटनेच्या उष्णकटिबंधीय रोगसंशोधन कार्यक्रमाच्या पुढाकाराने या शतकाच्या पहिल्या दशकात अशा प्रश्नांसाठी एक सार्वजनिक माहितीकोश तयार झाला. हिवतापाबरोबरच काळा आजार, निद्रारोग, हत्तीरोग अशा रोगांच्या जंतूंची आणि कृमींची जनुके त्यात एकत्र आणली गेली. संशोधकाने प्रत्येक प्रश्नाला किती महत्त्व द्यायचे ते गुणांनी ठरवायचे. मग कोश हजारो जनुकांची गुणानुक्रमे यादी देतो. हे काम फार मोलाचे होते, कारण अशा रोगांचे बहुतेक रोगी गरीब असतात आणि त्यांच्यासाठी औषध शोधण्यात कंपन्यांना फारसा नफा दिसत नाही. थोड्या पैशांत कोठे खणावे, हे सांगणारा नकाशा त्यांना इतरांपेक्षा अधिक हवा होता.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. गुण माणूस देतो. संगणक फक्त बेरीज करतो. पहिल्या प्रश्नाला सर्वाधिक गुण दिले, तर माणसात नसलेली प्रथिने यादीच्या शेंड्यावर येतात. बहुतेकांनी तसेच केले, आणि ते स्वाभाविक होते.

परजीवीच्या पोटातील शैवाल

परजीवीच्या पेशीत चार पटलांनी वेढलेली एक चिमुकली पिशवी आहे. तिच्यात सुमारे ३५ हजार अक्षरांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. १९९० नंतरच्या दशकात तिचे मूळ उलगडले तेव्हा जीवशास्त्रज्ञ चकित झाले. ही पिशवी वनस्पतींच्या हरितलवकाची नातेवाईक निघाली! फार प्राचीन काळी परजीवीच्या पूर्वजाने एक शैवाल गिळले आणि ते पचवून न टाकता पोटात ठेवून घेतले. प्रकाशापासून अन्न तयार करण्याची त्याची शक्ती पुढे नष्ट झाली. पण पिशवी राहिली आणि तिच्यातील काही कामेही राहिली. तिला ‘एपिकोप्लास्ट’ असे नाव मिळाले. माणसात अशी पिशवी नाही. लक्ष्य शोधणाऱ्यांच्या दृष्टीने हे घबाडच होते.

जर्मनीतील गीसन येथील हसन जोमा आणि त्यांचे सहकारी जनुकसंच पूर्ण होण्याची वाट पाहत बसले नाहीत. वाचून झालेले तुकडे प्रसिद्ध होत होते, त्यांत त्यांनी शोध घेतला. आयसोप्रेनॉइड नावाची संयुगे सर्व सजीवांना लागतात. माणूस ती एका मार्गाने तयार करतो. वनस्पतींचे हरितलवक आणि कित्येक जीवाणू दुसऱ्याच मार्गाने. या दुसऱ्या मार्गावरील विकरांची जनुके त्यांना परजीवीत सापडली. त्यांपैकी एका विकराला अडवणारे फॉस्मिडोमायसिन हे प्रतिजैविक जपानमधील संशोधकांना पूर्वीच मिळाले होते, पण ते हिवतापावर कोणी वापरले नव्हते. जोमा यांच्या गटाने ते वापरून पाहिले. परजीवी मेले आणि हिवताप झालेले उंदीर बरे झाले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जनुकांच्या मजकुरात नुसते वाचून लक्ष्य ओळखले आणि ते खरे निघाले, याचे हे ठळक उदाहरण.

औषध म्हणून मात्र फॉस्मिडोमायसिनला मर्यादा आल्या. आफ्रिकेतील गॅबन देशात झालेल्या चाचण्यांत रोग्यांचा ताप उतरला, पण काही आठवड्यांत अनेकांच्या रक्तात परजीवी पुन्हा दिसू लागले. दुसऱ्या प्रतिजैविकाच्या जोडीने ते दिल्यावर मोठ्या मुलांत चांगला गुण आला. मोझांबिकमधील तीन वर्षांखालील मुलांत तो पुरेसा आला नाही. लक्ष्य अचूक असूनही औषध अपुरे पडू शकते. ते शरीरात किती वेळ टिकते, किती मात्रेत पोहोचते, हे वेगळेच प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे जनुकात लिहिलेली नसतात.

बंगळूरूचा प्रयोग आणि जात्याची गोष्ट

एपिकोप्लास्टमध्ये आणखी एक कारखाना आढळला. तेथे मेदाम्ले तयार होतात. पेशीची पटले ज्या स्निग्ध पदार्थांची असतात, त्यांचा हा मुख्य घटक. माणसाच्या पेशीत हे काम एकच अवाढव्य प्रथिन करते. परजीवीत आणि जीवाणूंत त्यासाठी सुटी सुटी विकरे असतात. फरक स्पष्ट होता.

नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया या बंगळूरूच्या संशोधकांनी २००१ साली या विकरांपैकी एकावर लक्ष केंद्रित केले. त्याचे नाव ‘फॅब-आय’. टूथपेस्ट आणि साबण यांत जंतुनाशक म्हणून त्या काळी सर्रास वापरले जाणारे ट्रायक्लोसान हे रसायन जीवाणूंतील याच विकराला अडवते, हे माहीत होते. बंगळूरूच्या प्रयोगात ट्रायक्लोसानने परजीवीचे विकर अडवले, रक्तपेशींत वाढणारे परजीवी मारले आणि हिवताप झालेल्या उंदरांना वाचवले. स्वस्त, परिचित रसायन; माणसात नसलेले लक्ष्य; आणि भारतातील प्रयोगशाळा. या संशोधनाचे जगभर स्वागत झाले आणि पुढील काही वर्षे अनेक देशांतील रसायनतज्ज्ञ ‘फॅब-आय’ला अडवणारी नवनवी संयुगे बनवू लागले.

२००८ साली वेगळीच बातमी आली. संशोधकांनी उंदरांच्या आणि माणसाच्या परजीवीतून ‘फॅब-आय’चे जनुकच काढून टाकले. ते विकर जीवनावश्यक असते, तर रक्तातील परजीवी मरायला हवे होते. ते मेले नाहीत. नेहमीसारखेच वाढले. एवढेच नव्हे, तर ट्रायक्लोसान दिल्यावर हे ‘फॅब-आय’ नसलेले परजीवीही मरू लागले! म्हणजे रसायन परजीवीला मारत होते हे खरे. पण रक्तात ते दुसऱ्याच कोठल्यातरी जागी घाव घालत होते. २०१८ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ‘ईव्ह’ नावाच्या यंत्रमानवाच्या साहाय्याने अशी एक जागा दाखवली. डीएनए तयार करण्यासाठी लागणाऱ्या फोलेटच्या मार्गावरील एक विकर ट्रायक्लोसान अडवते, असे त्यांना आढळले. पायरिमेथामिन या जुन्या औषधाचे लक्ष्यही तेच विकर आहे.

मग रक्तातील परजीवी मेदाम्लांवाचून जगतो कसा? तो ती रोग्याच्या रक्तातून आयती घेतो. घरात जाते आहे, म्हणून घरातली माणसे दळूनच खातात असे नाही. बाजारात पीठ मिळत असेल, तर जाते कोपऱ्यात पडून राहते. ते फोडले तरी भाकरी थापली जाते. यकृतात गोष्ट निराळी. तेथे थोड्या दिवसांत हजारो नव्या परजीवींसाठी पटले लागतात, आणि जनुक काढलेले उंदरांचे परजीवी नेमके तेथे, वाढीच्या शेवटच्या टप्प्यावर अडले. विकर गरजेचे होते, पण वेगळ्या घरात.

बंगळूरूचा प्रयोग चुकीचा होता, असा याचा अर्थ नाही. विकर आहे, ट्रायक्लोसान त्याला अडवते आणि परजीवी मरतो, ही तिन्ही निरीक्षणे खरी होती. त्यांना जोडणारा दुवा तेवढा तुटला. जनुक काढून पाहण्याचे तंत्र हिवतापाच्या परजीवीवर त्या वेळी अतिशय अवघड होते, म्हणून हा दुवा तपासायला सात वर्षे लागली. त्या सात वर्षांत ‘फॅब-आय’साठी जगभर खर्च झालेले श्रम दुसऱ्या एखाद्या लक्ष्यावरही लागू शकले असते. ही हानी कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘घरात जाते आहे, म्हणून घरातली माणसे दळूनच खातात असे नाही.’ हे वाक्य परजीवीच्या संदर्भात स्पष्ट करा.
(आ) ‘फॅब-आय’ नसलेले परजीवीही ट्रायक्लोसानने मेले. यावरून कोणता निष्कर्ष निघतो?

वेगळे असणे आणि आवश्यक असणे

माणसात एखादी गोष्ट नाही, हे परजीवीला ती हवीच असल्याचे प्रमाण ठरत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत अनेक भाकितांत झाली. म्हणून नंतरच्या संशोधनाचा रोख ‘हे काम बंद पाडले तर काय होते?’ या प्रश्नाकडे वळला.

एलन ये आणि जोसेफ डेरिसी या अमेरिकन संशोधकांनी २०११ साली त्याचे एक देखणे उत्तर दिले. प्रतिजैविक देऊन त्यांनी परजीवीचा संपूर्ण एपिकोप्लास्टच नष्ट केला आणि त्याच वेळी आयसोप्रेनॉइडांचा मूळ घटक बाहेरून पुरवला. परजीवी जगले! पिशवी नाही, तिचा डीएनए नाही, तरी रक्तपेशींत त्यांची वाढ चालू राहिली. यावरून रक्तात असताना परजीवीला एपिकोप्लास्टकडून ही एकच वस्तू अत्यावश्यक असते, हे सिद्ध झाले. फॉस्मिडोमायसिन नेमका तोच पुरवठा तोडते. एकाच पिशवीतील दोन कारखाने. दोन्ही माणसात नाहीत. एक रक्तात मर्म ठरला आणि दुसरा ठरला नाही.

२०१८ साली याहून व्यापक काम झाले. एका पतंगाच्या जनुकसंचात जागा बदलणारा डीएनएचा एक तुकडा आढळतो. संशोधकांनी तो फाल्सिपेरमच्या जनुकसंचात वाटेल तेथे घुसवून ३८ हजारांहून अधिक निरनिराळे परजीवी तयार केले. तुकडा ज्या जनुकात घुसेल ते बिघडते. ज्या जनुकांत तो घुसलेला कधी आढळलाच नाही, त्यांचे बिघडणे परजीवीला सोसत नसावे, असे अनुमान निघाले. अशी २,६८० जनुके रक्तातील वाढीसाठी आवश्यक मानण्यात आली. निम्म्या जनुकांना ‘आवश्यक’ म्हणणारी यादी लांबलचक वाटेल. पण आधी जेथे नुसता तर्क होता, तेथे आता निदान प्रयोगाचा पुरावा आहे.

उलटही खरे आहे. माणसात असलेले प्रथिन चाळणीत लगेच टाकून देणे शहाणपणाचे नसते. डीएनएची अक्षरे जोडण्यासाठी पिरिमिडीन नावाचे घटक लागतात. ते तयार करणारे एक विकर माणसातही आहे आणि परजीवीतही. पण माणसाच्या पेशी रक्तातून आयते पिरिमिडीन उचलू शकतात, परजीवीला ते जमत नाही. त्याला ते स्वतःच बनवावे लागते. येथे जात्याची गोष्ट नेमकी उलटी होते. फिलाडेल्फिया येथील अखिल वैद्य यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली परजीवीत यीस्टचे तशाच कामाचे, पण निराळ्या घडणीचे विकर बसवले. असे परजीवी ॲटोव्हाक्वोन या औषधालाही पुरून उरले. रक्तात असताना परजीवीच्या तंतुकणिकेतील मोठी यंत्रणा मुख्यतः पिरिमिडीनच्या कामासाठीच चालते, हे त्यातून उघड झाले. माणसाच्या आणि परजीवीच्या विकरातील खोबणी बऱ्याच भिन्न आहेत. संधिवातावर दिल्या जाणाऱ्या लेफ्लुनोमाइडचा शरीरात तयार होणारा अंश माणसाचे विकर अडवतो, पण परजीवीच्या विकरावर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. मग परजीवीचेच विकर अडवणारे रेणूही मिळाले आणि त्यांपैकी एकाची रोग्यांवर चाचणी झाली. त्या चाचणीत काही रोग्यांच्या परजीवींत प्रतिरोध निर्माण करणारे बदल आढळले. मर्म सापडल्यावरही शत्रू स्वस्थ बसत नाही, तो मर्माची जागा थोडी सरकवतो.

उलट दिशेचा मार्ग

काही संशोधक आता उलट टोकाकडून सुरुवात करतात. हजारो संयुगे जिवंत परजीवींवर टाकायची, जे मारेल ते उचलायचे आणि ते कोठे घाव घालते ते मागाहून शोधायचे. हा क्विनीनचाच जुना मार्ग. फरक एवढाच की आता जनुकसंच हाताशी आहे. स्पायरोइंडोलोन या संयुगांच्या बाबतीत असे झाले. प्रयोगशाळेत परजीवींना या संयुगाची थोडी थोडी मात्रा देत ठेवले. जे सरावले, त्यांचे जनुकसंच वाचले. बदल पुन्हा पुन्हा एकाच जनुकात आढळला. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन परजीवीच्या पटलावर बसते आणि आत शिरलेले सोडियम बाहेर फेकते, हे पुढे कळले. २०१० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या शोधातून आलेला रेणू मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला आहे. परजीवीचा सराव हा वैद्यांचा शत्रू. येथे त्यालाच लक्ष्य दाखवायला लावले.

संगणकाचे कामही थांबलेले नाही. २०२१ पासून प्रथिनाच्या अक्षरांवरून त्याचा त्रिमितीय आकार बऱ्याच अचूकतेने वर्तवता येऊ लागला आहे, आणि पूर्वी ज्या प्रथिनांसमोर काहीच लिहिता येत नव्हते त्यांपैकी काहींचे कूळ आता आकारावरून ओळखता येते. खोबण कोठे आहे, तेही पुष्कळदा दिसते. पण खोबण बुजवल्यावर परजीवी मरेल की नाही, हे चित्र सांगत नाही.

‘फॅब-आय’च्या कथेचा एक धागा अजून उरला आहे. मेदाम्लांचा कारखाना यकृतात आवश्यक असतो, हे उंदरांच्या परजीवीवरून कळल्यावर एक नवी कल्पना पुढे आली. त्या कारखान्याचे एखादे जनुक काढलेला परजीवी यकृतात शिरेल, तेथेच अडेल, रोग होणार नाही. पण शरीराला शत्रूची ओळख मात्र पटेल. म्हणजे फसलेले लक्ष्य लशीच्या कामी येईल. उंदरांत ही युक्ती यशस्वी झाली. मग माणसाच्या फाल्सिपेरम परजीवीतून तशाच कामाचे एक जनुक काढण्यात आले. २०१४ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले: हे परजीवी यकृतापर्यंत पोहोचलेच नाहीत. डासाच्या पोटातच त्यांची पुढची रूपे तयार होईनात. उंदराच्या परजीवीला जे यकृतात लागते, ते माणसाच्या परजीवीला त्याआधीच, डासात लागत होते.

शब्दार्थ
मर्मस्थान: जेथे घाव बसला असता जीव जातो ती जागा. चाळणी: निवड करण्याची रीत. घबाड: अचानक हाती लागलेला मोठा ठेवा. अनुमान: पुराव्यावरून काढलेला तर्क. प्रतिरोध: औषधाला न जुमानण्याची शक्ती.

स्वाध्याय
१. ‘गुण माणूस देतो, संगणक फक्त बेरीज करतो.’ लक्ष्यांच्या यादीसंबंधी या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
२. फॉस्मिडोमायसिन आणि ट्रायक्लोसान यांच्या कथांत साम्य कोठपर्यंत आहे आणि त्या कोठे वेगळ्या होतात, ते आठ-दहा ओळींत सांगा.
३. माणसात असलेले प्रथिनही चांगले लक्ष्य कसे ठरू शकते? पाठातील उदाहरण द्या.
४. तुमच्या परिसरातील आरोग्य केंद्रात जाऊन हिवतापाच्या निदानासाठी रक्ताची तपासणी कशी करतात, याची माहिती मिळवा व टिपण लिहा.